आतल्या बाजूची शिवण

खाकी ड्रिलचं कापड घरी आलं की आधी रात्रभर बादलीत भिजत पडायचं. सुती कापड आटतं, ते शिवल्यावर आटलं तर पँट वाया गेली. वाळलं की वडील घडी काखोटीला मारून शिंप्याकडे निघायचे. ते एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे मापं घेऊन झाली तरी त्यांच्या सूचना संपत नसत. आसन ऐसपैस हवं, कारण गाडीजवळ उकिडवं बसावं लागतं. मागचे खिसे नकोत, गाडीखाली पाठीवर पडलं की रुततात. उजव्या मांडीवर पान्यासाठी लांब खिसा, त्याच्या तोंडाला दुहेरी टीप. आणि निघता निघता, "मागे माया भरपूर सोडा, मास्टर."

ती पँट खरी कळायची उलटी केल्यावर. मागच्या शिवणीला दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कापड सोडलेलं असे. पायांच्या आतल्या शिवणीत कापडाची एक कड दुसरीत दुमडून वर दोन टिपा, म्हणजे सुटा धागा कुठे दिसणारच नाही आणि मांडीला घासणार नाही. खिशाची पिशवी मांजरपाटाची. गुडघ्याला आतून त्याच ड्रिलचा तुकडा. पायाच्या मोहरीला दोन इंच दुमड. अंग सुटलं तर मागची शिवण उसवून पँट सैल व्हायची, खालची कड झिजली तर दुमड सोडून नवी घालता यायची. शिवतानाच शिंप्याने पुढच्या दुरुस्त्यांची सोय करून ठेवलेली असायची.

आता हेच कपडे फॅशन म्हणून परत आलेत. कॅनव्हासची जाकिटं, दुहेरी गुडघ्यांच्या पँटी, मांडीजवळ हातोडी अडकवायचा पट्टा. लोअर परळला जिथे 1982 च्या संपाआधी गिरण्यांचे भोंगे वाजायचे, त्याच जागेवरच्या मॉलमध्ये ते काचेआड टांगलेले असतात. रूप देखणं आहे, मलाही आवडतं. मुलाने आणलेलं असं एक जाकीट मी सवयीप्रमाणे उलटं केलं. आत सगळीकडे ओव्हरलॉक, माया जेमतेम अर्धा इंच. बाहेरच्या खिशांना ठसठशीत दुहेरी टीप होती. पण खिशाचा कोपरा, जिथे हाताचा सगळा ताण येतो, तिथे एक उलटी टीपही मारलेली नव्हती. एका खिशाचं झाकण तर नुसतंच शिवून टाकलेलं, खाली खिसाच नाही.

हा कोपरा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने नवऱ्यासाठी टिकाऊ पँट मागितली, तेव्हा घोड्यांच्या झुली शिवताना वापरायचे तांब्याचे रिव्हेट त्याने खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकले. 20 मे 1873 रोजी त्याला आणि त्याला कापड पुरवणाऱ्या लेव्ही स्ट्रॉस यांना त्याचं पेटंट मिळालं. पुढे मागच्या खिशांवरचे रिव्हेट घोड्याच्या खोगिरावर आणि खुर्च्यांवर ओरखडे काढतात अशी तक्रार आली, तेव्हा 1937 मध्ये ते कापडाखाली झाकून टाकले. ठोकले ते कामासाठी, झाकले तेही वापरणाऱ्याचं ऐकून. आज रिव्हेट शोभेला कुठेही चिकटवलेले दिसतात, याचं मला वाईट वाटतं.

तयार कपड्यांनी स्वस्ताई आणली, ती नाकारण्यात अर्थ नाही. आतली शिवण नीट दाबून घेणारे काही उत्पादकही आहेत, पण त्यांच्या किमती मेकॅनिकच्या आवाक्यातल्या नाहीत. आणि आमच्या गल्लीत शिंप्याच्या जागी आता फक्त अल्टरेशनचं दुकान आहे. तिथला पोरगा हुशार आहे, हात साफ आहे. पण उंची कमी करणं आणि चेन बदलणं यापलीकडे त्याला काही करता येत नाही, कारण सैल करायला कपड्यात काही शिल्लकच नसतं.

मी त्याला खाकी ड्रिल नेऊन दिलं, भिजवून वाळवलेलं. दुमडीची शिवण, मांजरपाटाचे खिसे, मागे दीड इंच माया, सगळं समजावून सांगितलं. कापडापेक्षा शिलाई जास्त होईल म्हणाला. मी म्हटलं, घे, पण घाई करू नकोस.