मार्गशीर्षांतलें एक लहानसें लग्न

लहान लग्न करणें हें मोठें लग्न करण्यापेक्षां अवघड आहे, असें आम्हीं म्हटलें कीं ऐकणारा हंसतो. पण विचार करून पाहावा. कार्यालय ठरवावें, आचाऱ्यास पानांचा आंकडा सांगावा, पत्रिका छापून वाटाव्या आणि शेवटीं सर्वांचीं बिलें चुकवावीं, एवढें केलें म्हणजे हजार पानांचें कार्य पार पडतें. साठ पानांच्या कार्यांत मात्र प्रत्येक पानावर कोण बसणार, तें पान कोण मांडणार आणि कोण उचलणार, याचा विचार घरच्यांनाच करावा लागतो. गतवर्षीं मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या कन्येचा विवाह वाईस आमच्या राहत्या घरीं, चौकांत मांडव घालून झाला. त्या निमित्तानें जें करून पाहिलें तें वाचक कुटुंबांपुढें ठेवीत आहों. कारण तुळशीचें लग्न लागलें कीं घरोघरीं हाच विषय निघतो.

कल्पना कन्येची. ती पुण्यास नोकरीला असते. दोन वर्षांपूर्वीं माळ्यावरच्या ट्रंकेंत तिला आमच्या मातापितरांच्या लग्नाचें छायाचित्र सांपडलें. साल १९४६, महिना वैशाख. पाटावर बसलेलें जोडपें, कपाळीं मुंडावळ्या, मागें केळीचे खांब, कडेला एक समई. बाकी कांहीं नाहीं. "बाबा, मला असें लग्न हवें. घरचें, आपल्या हातांनीं केलेलें," असें तिनें सांगितलें. हल्लीं जुनेपणाची हौसही बाजारांत पुरवून मिळते. बैलगाडीचें चाक, पितळी घंगाळ, कंदील, सर्व भाड्यानें येतें आणि संध्याकाळीं परत जातें. तसला जुनेपणा नको, हें तिचें तिलाच ठाऊक होतें.

तरी आम्हांला तिला कांहीं गोष्टी सांगाव्या लागल्या. त्या छायाचित्रांतला साधेपणा कोणी हौसेनें निवडलेला नव्हता. ते नियंत्रणाचे दिवस होते. साखरभाताची साखर सात बिऱ्हाडांच्या वांट्यांतून वाटी वाटी करून जमविली होती, असें मातु:श्री सांगत. त्या स्वतः तेव्हां सोळा वर्षांच्या होत्या. १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलींस चौदा वर्षांची मर्यादा घातलेली असल्यामुळें सोळावें वर्ष म्हणजे घोडनवरीचेंच वय, असेंही कोणीसें म्हणालें होतें म्हणे. आणि ज्या स्त्रिया पहाटे तीनपासून चुलीपुढें बसल्या होत्या, त्यांतली एकही त्या छायाचित्रांत नाहीं. तेव्हां जुन्यांतलें काय घ्यावयाचें आणि काय माळ्यावरच ठेवावयाचें, हा खरा प्रश्न होता. तो सोडविण्यांत आमचे दोन महिने गेले.

प्रथम महिन्याचा विचार. चातुर्मास संपून तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्त मोकळे होतात. पौष आपल्याकडे वर्ज्य मानतात. म्हणजे थंडीच्या दिवसांत मार्गशीर्ष किंवा माघ. येथें आमच्यांतला संस्कृताचा अध्यापक जागा झाला. आश्वलायन गृह्यसूत्रांत विवाहाला उत्तरायण सांगितलें आहे, आणि लगेच कित्येकांच्या मतें विवाह केव्हांही चालतो असेंही म्हटलें आहे. आपस्तंब शिशिराचे दोन महिने आणि ग्रीष्माचा शेवटचा महिना वगळून सर्व ऋतु विवाहाला योग्य मानतो. म्हणजे आश्वलायनाच्या पहिल्या मतानें मार्गशीर्ष जातो, आपस्तंबाच्या मतानें माघ जातो, आणि पंचांगांत दोहोंचेही मुहूर्त छापलेले असतात! ज्या शास्त्रानें इतकी मोकळीक ठेवली त्याच्या नांवानें आपण किती हट्ट धरतों हें पाहून मौज वाटते. कन्येला रजा मार्गशीर्षांत मिळत होती, मार्गशीर्ष ठरला.

कन्येच्या मनांत गोरज मुहूर्त होता. पण वाईस मार्गशीर्षांत सूर्य मावळला कीं कृष्णेवरून जो गारठा येतो, त्यांत सत्तरी उलटलेल्या मंडळींस उघड्या चौकांत बसविणें म्हणजे आशीर्वादाऐवजीं पडसें पदरीं घेणें. म्हणून सकाळीं अकराच्या पुढचा मुहूर्त धरला. त्या वेळीं चौकांत कोंवळें ऊन असतें. फुलांचीही अशीच गोष्ट. छायाचित्रांतल्या आजीच्या वेणींत मोगरा आहे. पण तो वैशाखाचा मोगरा, मार्गशीर्षांत कोठून येणार? दूरच्या बाजारांतून मागवितां येतो असें कोणी सुचविलें. आम्हीं म्हटलें, ज्या ऋतूंत लग्न त्याच ऋतूचें फूल. शेवंती त्या दिवसांत ढिगानें असते, आणि कुंद तर हेमंताचेंच लेणें. कुंदाच्या कळ्यांचे गजरे घरच्या मुलींनीं आदल्या रात्रीं केले. स्वयंपाकांतही तोच नियम लावला. श्रीखंडाचें नांव निघालें होतें, पण थंडींत विरजण लागावयास वेळ लागतो. तेव्हां केशरी साखरभात, चाकवताची पातळ भाजी, पावट्याची उसळ, गाजराची कोशिंबीर आणि मसालेभात, एवढाच बेत ठेवला. एक सूचना गृहिणींसाठीं. थंडींत तूप पानावर पडेपर्यंत थिजतें. तुपाचें भांडें कढत पाण्याच्या पातेल्यांत ठेवून वाढप्यानें तें पातेल्यासकट फिरवावें. दिसावयास विचित्र, पण वरणभातावर धार नीट पडते.

पाहुण्यांची यादी हें सर्वांत कठीण प्रकरण. चौकांत तीस पानें मांडतां येतात. दोन पंगती म्हणजे साठ. त्यांतलीं निम्मीं व्याह्यांचीं. उरलीं तीस. चौतीस वर्षें शिक्षकी केलेल्या माणसाचे विद्यार्थीच गांवांत शेंकड्यांनीं असतात. आम्हीं शेवटीं एक कसोटी लावली: ज्याला मुलीचें नांव आमची ओळख न देतां ठाऊक आहे, तोच बोलवावा. या कसोटीनें आमचे स्वतःचे अनेक स्नेही गळाले आणि कोपऱ्यावरची भाजीवाली, जी कन्येला लहानपणापासून कोथिंबिरीची काडी फुकट देत आली, ती यादींत आली. एक जुने सहकारी अद्याप आमच्याशीं बोलत नाहींत. लाडूंचा पुडा घेऊन आम्ही दोघे त्यांच्या घरीं जाऊन आलों. पुडा त्यांनीं घेतला. कालांतरानें बोलतीलही.

पत्रिका छापल्या नाहींत. घरें पंचवीस, हातकागदावर टांकानें बालबोध अक्षरांत आम्हींच पंचवीस पत्रें लिहिलीं. अंतरपाटासाठीं वडिलांच्या लग्नांतलें उपरणें निघालें. कन्येनें त्यावर कुंकवानें स्वस्तिक काढलें. मोत्यांच्या मुंडावळ्या भावी जामातानें ओंवल्या. पहिली जोडी वांकडी झाली, तीच कपाळाला बांधली.

घटिकापात्राविषयीं मात्र थोडें विस्तारानें सांगणें भाग आहे, कारण त्यांत आमचा पंधरवडा गेला. पूर्वीं मुहूर्ताची वेळ पाण्यावर मोजीत. तळाला सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें. असें पात्र अहोरात्रांत साठ वेळां बुडावें असें सूर्यसिद्धांतांत सांगितलें आहे. तांबटाकडून वाटी करवून घेतली आणि छिद्र मुद्दाम सुईच्या अग्राएवढेंच पाडविलें. कारण छिद्र मोठें करतां येतें, लहान करतां येत नाहीं. पहिल्या दिवशीं वाटी बुडावयास एकतीस मिनिटें लागलीं. मग रोज एक रेंघ घांसावी, मनगटावरच्या घड्याळाशीं ताडून पाहावी, असें करतां करतां नवव्या दिवशीं बरोबर चोवीस मिनिटें भरलीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे पाहतों तों पुन्हां अधिक वेळ! मग ध्यानांत आलें कीं रात्रभर गारठलेलें पाणी छिद्रांतून सावकाश शिरतें. दुपारच्या पाण्यावर पुन्हां चोवीस. म्हणून लग्नाच्या दिवशीं पाणी उन्हांत ठेवण्याचें काम एका भाच्याकडे दिलें होतें.

आतां ज्या गोष्टीमुळें हें लग्न होतें कीं नाहीं अशी आम्हांस दोन दिवस धास्ती होती, ती सांगतों. आमची वडील भगिनी, जिला सर्वजण आक्का म्हणतात, ती १९७७ सालीं सव्विसाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली. आमचें कुटुंबही शाळेंत शिकवीत असल्यामुळें कन्येला लहानाची मोठी आक्कानेंच केलें. लग्नाआधीं घाणा भरतात. मुसळाला आंब्याचीं पानें बांधून पांच सुवासिनींनीं हळकुंडें कांडावयाचीं. कन्येनें पहिलें नांव आक्काचें घेतलें. आमच्या थोरल्या वहिनींनीं तत्काळ नकार दिला. त्यांचें म्हणणें उडवून लावण्याजोगें नव्हतें. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीला सजविणाऱ्या स्त्रियाही पतिपुत्रवतीच आहेत. म्हणजे वहिनींच्या बाजूस खुद्द कविकुलगुरु उभा. हें आम्हींच त्यांस सांगितलें, कारण जें प्रतिकूल तें लपवून वाद करणें आम्हांस आवडत नाहीं. पण आपस्तंब गृह्यसूत्र हेंही सांगतें कीं विवाहांतले आचार स्त्रियांकडून जाणून घ्यावे. म्हणजे या बाबतींत निर्णय घरच्या स्त्रियांचा. शास्त्र्याचा नव्हे, बापाचाही नव्हे. २०२२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें विधवांविषयींच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हां आमच्याच घरांतल्या स्त्रियांनीं त्याचें कौतुक केलें होतें. दुसऱ्याच्या गांवचें कौतुक सोपें असतें.

खरी अडचण वहिनींची नव्हतीच. आक्काच तयार होईना. "माझा हात लागला आणि उद्यां पोरीला कांहीं झालें, तर मी कोणाला तोंड दाखवूं?" असें म्हणून ती माजघरांत जाऊन बसली. चाळीस-पंचेचाळीस वर्षें जें मनांत भरविलें गेलें तें सूत्राच्या आधारानें निघत नाहीं. कन्या वाद न करतां म्हणाली, "मग घाणाच नको. बाजारांतून हळदीची पूड आणूं." वाईची हळद नांवाजलेली, आक्का दरवर्षीं हळकुंडें पारखून घेते, आणि बाजारची पूड तिनें या घरांत येऊं दिलेली नाहीं. घटकाभर ती गप्प राहिली. मग आंतूनच म्हणाली, "ती पिवळी माती पोरीच्या अंगाला लावणार?" आणि बाहेर येऊन मुसळाला हात घातला. वहिनी त्या दिवशीं आल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं हळद लावावयास आल्या; आक्कानें वाटी पुढें केली, त्यांनीं ती घेतली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

कामाच्या वांटणीबद्दल कन्येची एकच अट होती: छायाचित्रांत जसें झालें तसें होतां कामा नये. म्हणून भाज्या चिरणें, वाढणें व उष्टीं काढणें हें पुरुषांकडे दिलें, आणि पहिली पंगत स्त्रियांची बसली. आमच्या एका मेहुण्यांनीं आयुष्यांत प्रथमच मीठ पानाच्या कोणत्या अंगास वाढावयाचें हें विचारलें.

मोठ्या लग्नांतून मंगलाष्टकें संपून अक्षता पडल्या कीं लोक भोजनगृहाकडे वळतात. वास्तविक गृह्यसूत्रांत मंगलाष्टकें नाहींत. तीं मागाहून आलीं. सप्तपदी मात्र मुळांतली, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानेंही, जेथें सप्तपदीचा विधि आहे तेथें, सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण होतो असें म्हटलें आहे. म्हणजे विवाह पूर्ण होतो तेव्हां पाहुणे जिलबीच्या रांगेंत असतात. आमच्या चौकांत सप्तपदी होईपर्यंत पान मांडलें जाणार नाहीं असें पत्रांतच लिहिलें होतें. लाजाहोमांत भावानें बहिणीच्या ओंजळींत लाह्या घातल्या, वराचा कान पिळला, मुलें हंसलीं. मग तांदुळाच्या सात राशींवरून ती दोघें चाललीं. भटजींच्या परवानगीनें प्रत्येक पावलाचा अर्थ आम्हीं मराठींत सांगत गेलों: अन्न, बळ, धन, सुख, संतति. सहावें पाऊल ऋतूंसाठीं असतें. तेव्हां चौकांतलें ऊन आक्काच्या पाटापर्यंत आलें होतें. सातवें सख्यासाठीं. तें सांगतांना आमचा आवाज चौतीस वर्षांत प्रथमच वर्गाच्या मागच्या बांकापर्यंत पोंचला नाहीं, भाजीवालीनें पुढच्या बाईला "काय म्हणाले?" असें विचारलेलें आम्हांस ऐकूं आलें.

घटिकापात्र आतां पलीकडच्या आळींत गेलें आहे. तेथें माघांत मुंज आहे. छिद्र चिंचेनें घांसूं नये, आणि पाणी आधीं उन्हांत ठेवावें, अशी चिठ्ठी सोबत दिली आहे.