रिकामी खोली

बदलीचा हुकूम हाती पडला, की सरकारी नोकराच्या घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांच्या शाळेचा नव्हे, कपाटांचा. निदान आमच्या घरी तरी तसे झाले. नागपुराहून जबलपुरास जावयाचे ठरले तेव्हा आम्ही सामानाची यादी करावयास बसलो आणि चौऱ्याऐंशीव्या नगावर थांबलो; थांबलो ते सामान संपले म्हणून नव्हे, कागद संपला म्हणून. सरकारही या बाबतीत मोठे उदार. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या आदेशाप्रमाणे आमच्या पायरीच्या नोकरास बदलीच्या वेळी ६,००० किलो सामान सरकारी खर्चाने नेता येते. आम्हां उभयतांचे वजन दीडशे किलोच्या आत आहे. बाकीचे सारे आम्ही कशासाठी वाहत होतो, हा प्रश्न तोवर आमच्या मनात आला नव्हता.

आमचे वडीलही नागपुराहून जबलपुरासच आले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपुरास आले आणि नागपुरातील कितीतरी मराठी कारकुनांनी वळकट्या बांधल्या. वडील गोंदियाहून अरुंद रुळांच्या गाडीने निघाले. सातपुड्याच्या रानांतून डुलत येणारी ती गाडी २०१५ साली बंद झाली. त्यांच्यापाशी दोन पत्र्याच्या पेट्या, एक वळकटी आणि आजीने हट्टाने दिलेले तांब्याचे घंगाळ एवढेच होते. कचेरी सुटली की ते सायकलीने थेट ग्वारीघाटावर जात आणि दिवेलागणीपर्यंत नर्मदेकडे पाहत बसत. आम्हांला मोटार असून घाट दूर वाटतो.

असो. आमचे सामान घेऊन निघालेला ट्रक जबलपुरास पोहोचलाच नाही. चौकशी करता कळले, की वाहतूकदाराच्या चुकीने आमचा संसार भलत्याच गावी जाऊन पडला आहे. तो परत यावयास अठरा दिवस लागले. तेवढ्या दिवसांत आमच्यापाशी दोन सतरंज्या, एक शेगडी, चार ताटे, एक पातेले आणि आपापल्या बॅगेतील कपडे होते. पहिले दोन दिवस आम्ही त्या वाहतूकदारास यथेच्छ शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातलाच घरातले सारे काम आटोपले आणि आता काय करावे, हे कळेना! झाडावयाची खोली एक, पुसावयाचे काही नाही, शोधावयाची वस्तू नाही. वीस वर्षांत प्रथमच आम्ही उभयता एकाच वेळी रिकामे होतो.

आमची सौभाग्यवती लग्नापूर्वी गाणे शिकत होती, हे आम्हांला ठाऊक होते. आपले पोस्टातले जुने खाते आहे हे ठाऊक असावे, तसे. त्या संध्याकाळी ती सतरंजीवर बसून काही गुणगुणू लागली आणि त्या उघड्या भिंतींच्या खोलीने तिचा सूर उचलून धरला. ती दचकून थांबली. मग पुन्हा गाऊ लागली. पुढे रोजच गाऊ लागली. आम्ही ग्वारीघाटावरून येताना जिन्यातच थबकत असू.

एकोणिसाव्या दिवशी ट्रक आला. हमालांनी कपाटे, सोफा, गाद्या, खोकी यांनी चारही खोल्या भरल्या. रात्री तिने सूर लावला, तर आवाज गादीत बुडाल्यासारखा झाला. दुसऱ्या दिवसापासून खोकी फोडण्याचे काम सुरू झाले आणि गाणे राहिले.

एका खोक्यातून भेडाघाटचे संगमरवरी हत्ती निघाले. पूर्वीच्या सहलींत घेतलेले, सात. प्रत्येकाच्या सोंडेखाली धूळ. आम्हांला अमेरिकेतल्या थोरोची आठवण झाली. १८४५ साली वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेल्या या गृहस्थाच्या मेजावर चुनखडीचे तीन दगड होते. ते रोज पुसावे लागणार असे दिसताच त्याने ते खिडकीबाहेर फेकून दिले. चुनखडीच पृथ्वीच्या पोटातला ताप नि दाब सोसून संगमरवर होते, हे भूगर्भशास्त्र आम्हांला त्या दिवशी नीट उमगले. मात्र थोरो अविवाहित होता. त्याला कोणाच्या आत्याने हत्ती दिलेले नव्हते.

आम्ही हे तत्त्वज्ञान भांडी घासणाऱ्या बाईंस ऐकविले. त्या म्हणाल्या, "साहब, हमारे घर में तो कुछ भी नहीं है, फिर भी फुरसत कहाँ?" आम्ही गप्प झालो. पाच घरांची भांडी घासणाऱ्या बाईंपुढे अपरिग्रहाच्या गोष्टी सांगण्याइतके आम्ही धीट नाही. सामान कमी करून फुरसत मिळविणे ही ज्याला पगार वेळेवर मिळतो त्याची चैन आहे, हे मान्य. पण ज्याला ती परवडते तोही ती घेत नाही, आणि रविवारभर कपाटे आवरीत बसतो, याचे काय? आम्ही घेत नव्हतो, म्हणून विचारतो.

"अहो, निदान ती पुढची खोली तरी राहू द्या," सौभाग्यवती म्हणाली. मग दोन कपाटे, जेवणाचे मेज आणि न वाचलेल्या अंकांचे गठ्ठे गेले. हत्ती मुलांना वाटले. घंगाळावर मात्र आमचे भांडण झाले. ती म्हणते, पाणी तापविण्याची सोय नाही, वापर नाही, मग का ठेवावे? आम्ही ते दिले नाही. ते मोरीत आहे आणि दर दिवाळीला चिंचेने घासावे लागते. ते आम्हीच घासतो.

सोफ्याला अजून गिऱ्हाईक नाही. तो व्हरांड्यात उभा आहे. पुढच्या खोलीत एक सतरंजी आहे. ती तेथे पहाटे बसते. वीस वर्षांच्या खंडाने वरचा षड्ज अजून नीट लागत नाही. ती थांबते, पुन्हा खालून सुरुवात करते.