जीवधनचा डीसी किती?

गेल्या ऑक्टोबरमधे आम्ही चौघं जीवधनला गेलो होतो. मंचरला मिसळ, जुन्नरवरून घाटघर, आणि रात्री मुक्कामाच्या घराच्या पडवीत सतरंजी टाकून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. (हो, ट्रेकच्या सॅकमधे फासे नेणारे लोक असतात. हसा.)

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं त्या कामातलं कसब मिळवायचं. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की जमलं. तो आकडा म्हणजे डीसी. आम्ही अजून २००३ च्या साडेतीन आवृत्तीला चिकटून आहोत, कारण तिच्यातलं चढाईचं कोष्टक! हातपाय रोवता येतील असा ओबडधोबड कातळ: १५. भिंतीला पाय टेकून दोराने चढायचं: फक्त ५. निसरडं असेल तर वर आणखी ५. आणि माझी आवडती ओळ: चारपर्यंत कमी पडलात तर आहात तिथेच, पाच किंवा जास्त कमी पडलात तर खाली.

त्या रात्री एका मित्राचा चोर ओल्या कड्याखाली उभा. कसब ४. त्याला दोर लावायचा होता, पण मागे पहारेकरी. मी म्हणालो, "अरे टाक ना, काय होतंय!" फासा पडला ७. बेरीज ११, हवे होते २०. चोर दरीत. आम्ही पोट धरून हसलो.

झोप येईना म्हणून गणित केलं (हापिसातली सवय). दोर नसताना: चढण्याची शक्यता २५ टक्के, अडकण्याची २०, पडण्याची ५५. दोर असताना: ७५, २० आणि ५. फासा तोच, चोर तोच. शेजारी नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञातल्या दक्षिणेचे आकडे कोरून ठेवलेत, आणि मी इथे मेलेल्या चोराचा हिशोब करतोय. असो.

सकाळी जीवधन. इंग्रजांनी पायऱ्या फोडल्यात, तिथे थोडा कातळ चढावा लागतो. पाऊस संपला होता, पण कातळ पाझरत होता. दोर सॅकमधे होता. "वेळ जाईल, राहू दे" असं मीच म्हणालो होतो. गावातून बरोबर आलेले मामा आधीच वर पोचले होते. चोरवाला मित्र अर्ध्यात अडकला. वर जाईना, खाली उतरता येईना, एक पाय लटलट कापत होता.

मी खालून ओरडलो, "अरे टाक ना पाय, काय होतंय!"

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून आठवते.

मामा वरून म्हणाले, "तुम्ही गप ऱ्हावा जरा." आमच्यातल्या तिसऱ्याने बाजूने चढून त्यांना दोर दिला. त्यांनी तो कातळातल्या खांबाला बांधून खाली सोडला, आणि त्याला एवढंच सांगितलं, "कंबरेला बांध. घाई न्हाई."

त्याच पुस्तकात 'टेक टेन' नावाचा नियम आहे. घाई-भीती नसेल तर फासा टाकायचाच नाही, १० पडले असं धरायचं. पण धोका असेल किंवा कोणी लक्ष विचलित करत असेल तर ही सवलत नाही. १० अधिक ४ म्हणजे १४, आणि दोराने ओल्या कातळाचा डीसी १०. म्हणजे दोर आणि शांतता, दोन्ही असतील तर चढणं नक्की. दोर मी सॅकमधे ठेवायला लावला होता. आणि लक्ष विचलित करणारा कोण, हे सांगायला पुस्तक नको.

तो पाच मिनिटांत वर आला. वानरलिंगीचा सुळका समोर दिसेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "पाणी दे."

पुढच्या शनिवारी त्याने नवीन पात्र बनवलं. सामानाच्या यादीत पहिली ओळ: दोर, ५० फूट. दुसरी ओळ: दोर, ५० फूट.