उभे पुतळे, बसलेले पुतळे

युरोपला जाऊन आलेला माणूस आयफेल टॉवरबद्दल बोलला नाही, तर लोकांना त्याच्या पासपोर्टविषयीच शंका येते. मी आल्यापासून जिनोआबद्दल बोलतो आहे. त्यावर आमच्या ब्रँचमधली निम्मी मंडळी “म्हणजे जिनिव्हा ना?” असं विचारतात, आणि उरलेली निम्मी विचारतसुद्धा नाहीत.

जिनिव्हा नव्हे, जिनोआ! इटलीतलं जुनं बंदर. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या पट्टीत कोंबून बसवलेलं गाव. जुन्या भागातल्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून एखादा सुखवस्तू गृहस्थ आला तर दोघांपैकी एकानं श्वास रोखून धरायचा. आमच्या टूरवाल्यांच्या लेखी या गावाची किंमत अर्धा दिवस. “कोलंबसचं गाव आहे. फोटो काढा, जेवा, चारला बस.”

पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. द्विनोंदी पद्धत पाचोलीच्या पुस्तकात छापून आली ती १४९४ साली, व्हेनिसला, हे बी. कॉम.ला आम्ही घोकलेलं. जिनोआच्या नगरपालिकेची वही मात्र त्याच्याही १५४ वर्षं आधीची, १३४० सालची. नावे-जमा समोरासमोर, प्रत्येक नोंद दोनदा. त्यात चक्क मिऱ्यांचं खातं आहे! मिरी बहुतेक आपल्या मलबारकडचीच असणार. पालिकेनं ती घेतली, तोट्यात विकली आणि तोटा वहीत लिहून ठेवला. पालिकेला तोटा झाला यात नवल ते काय? तो लिहून ठेवला, हे नवल.

बंदरासमोरच सान जॉर्जोचा चित्रं रंगवलेला वाडा आहे, १२६० सालचा. इथं १४०७ साली बँक निघाली आणि ती १८०५ पर्यंत चालली. हल्ली तिथं बंदराचं ऑफिस आहे. त्या दिवशी नशिबानं आत सोडत होते.

“अहो, इथंही बँकच?” सौ. म्हणाली. “आधी सांगितलं असतंत, तर डबा घेऊन तुमच्या ब्रँचमध्येच आले असते.”

वरच्या दिवाणखान्यात बँकेला देणग्या देणाऱ्यांचे पुतळे आहेत. ज्यानं कमी दिलं तो उभा, ज्यानं भरपूर दिलं तो बसलेला! मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही मोठा ठेवीदार साहेबांच्या केबिनमध्ये बसतो आणि पेन्शनवाले आजोबा रांगेत उभे असतात. फक्त आम्ही ते संगमरवरात कोरत नाही, एवढंच.

कोलंबसही याच बँकेच्या दारी आला, पण पत्रानं. १५०२ साली शेवटच्या सफरीला निघताना त्यानं कळवलं, की माझ्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा दरवर्षी घ्या आणि गावातल्या धान्यावरचा, दारूवरचा कर हलका करा. बँकेनं डिसेंबरात आभाराचं उत्तर पाठवलं. तोवर ग्राहक समुद्रात! १५०४ साली परत आल्यावर त्याची तक्रार, की बँकेनं साधं उत्तरही दिलं नाही. ‘आम्ही पाठवलंय’ आणि ‘मला मिळालं नाही’, या दोन वाक्यांवर तर आमचा काउंटर आजही चालतो.

मला मात्र दादा आठवले. माझे वडील. सांगलीला हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. शेठजी आले की उठून उभे राहायचे, ते शेठजी जाईपर्यंत. एकदा चार आण्यांचा मेळ बसेना, तर रात्री दोनपर्यंत जागले. आई म्हणाली, “खिशातले घाला आणि झोपा.” ते म्हणाले, “पैसे मिळतील गं, चूक कुठं मिळणार?” त्यांच्या किर्दीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, जिनोआच्या वहीत बरोबर उलटं. पण ताळा दोन्हीकडे सारखाच लागतो. पुतळे देणाऱ्यांचे झाले. लिहिणाऱ्याचा ना उभा, ना बसलेला. त्याचं फक्त अक्षर उरलं, पावणेसातशे वर्षं. मी डोळे पुसलेले सौ.नं पाहिले, पण काही बोलली नाही. भुकेची वेळ होती.

खाली गल्लीत फारिनाता मिळाला. डाळीचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. “एवढं धिरडं खायला विमानानं आणलंत होय!” असं म्हणत तिनं दोनदा घेतला.

चारच्या बसमध्ये सगळे समुद्र बघत होते आणि आम्ही हिशेब करत होतो. दोन युरो लागत नव्हते. बऱ्याच वेळानं तिला आठवलं, गल्लीतल्या व्हायोलिनवाल्याच्या टोपीत मीच टाकले होते.

“धर्मादाय लिहा,” ती म्हणाली. “पण दोन युरोत उभासुद्धा पुतळा मिळत नाही हं!”