कॅन्डिडा

दिसायला ती अगदी साधी. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर लंबगोल पेशी, अंगावर एखादा कोंब फुटलेला. पूर्ण नाव कॅन्डिडा अल्बिकन्स, जात यीस्टची, म्हणजे बुरशीची. माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात ती राहत असते आणि बहुतेकींना त्याचा पत्ताही नसतो. शेजारी असतात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू. जागा आणि अन्न ते अडवून धरतात, त्यांच्या धाकात ही निमूट असते.

मग घशासाठी नाहीतर लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक सुरू होतं. शेजारी मरतात, हिला रान मोकळं मिळतं. गरोदरपण, रक्तातली वाढलेली साखर, स्टिरॉइड हेही तिला मानवतं. इस्ट्रोजेन या संप्रेरकावर तिचा विशेष जीव. म्हणून पाळी न आलेल्या मुलींना आणि पाळी गेलेल्या बायकांना ती क्वचित छळते.

चेकाळली की ती रूप पालटते. पेशीला लांब तंतू फुटतात आणि अस्तरात घुसतात. त्याच वेळी ती कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडते. हे विष संशोधकांच्या हाती लागलं २०१६ मध्ये. ते थोपवायला शरीराच्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि या झटापटीची आग बाईच्या वाट्याला येते. खाज अशी, की चारचौघांत बसवत नाही. लघवी करताना झोंबतं. फुटलेल्या दह्यासारखं पांढरं जातं. नवऱ्याला जवळ येऊ देणं नकोसं होतं आणि कारण सांगता येत नाही. चारांतल्या साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी ही गाठते. काहींचा पिच्छा मात्र ती सोडत नाही. वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली, तर डॉक्टर तिला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात.

तिच्यामुळे बाईवर जे आळ येतात, ते मला तिच्याहून जास्त छळवादी वाटतात. ‘स्वच्छता ठेवत नाही’ हा पहिला. कॅन्डिडा घाणीतून येत नाही. उलट जंतुनाशकानं, साबणानं, सुगंधी द्रवानं आतून धूत बसलं, तर आग वाढते आणि चांगल्या जीवाणूंचीही घडी विस्कटते. ‘बाहेरून काही आणलं’ हा दुसरा. हा आजार लैंगिक संबंधातून पसरणाऱ्यांत मोजत नाहीत आणि नवऱ्याला लक्षणं नसतील तर त्याला सहसा औषधही लागत नाही.

आळाच्या भीतीनंच बायका गप्प बसतात. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं: ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. शहरातली शिकलेली बाईही ‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढंच म्हणते, तेही आवाज खाली आणून.

कॅन्डिडाला पहिला खरा आवर दोन शास्त्रज्ञ बायकांनीच घातला, हे मला फार मोलाचं वाटतं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचल ब्राऊन ऑल्बनीत. एकीनं मातीतले जीवाणू वाढवायचे, बरण्या टपालानं दुसरीकडे धाडायच्या. दुसरीनं त्यांतून औषधी अंश वेगळा करून टपालानंच परत पाठवायचा. त्यातून १९५० मध्ये निस्टॅटिन हे औषध जगासमोर आलं. त्याच्या स्वामित्वधनातला एक पैसाही दोघींनी स्वतःसाठी ठेवला नाही, सगळा विज्ञानाला दिला.

आज क्लोट्रिमॅझोल आणि फ्लुकोनाझोल ही औषधं सहज मिळतात, तरी कॅन्डिडा परतते. फ्लुकोनाझोल तिला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. एक गोळी घेतली, खाज थांबली, विषय संपला, असं धरून चालणाऱ्या बाईकडे ती पुन्हा उगवते. म्हणून वारंवार होणाऱ्या त्रासात डॉक्टर सुरुवातीच्या गोळ्यांनंतर सहा महिने आठवड्याला एक गोळी देतात. शिवाय ग्लाब्राटा नावाची तिची एक बहीण या गोळीला फारशी दाद देत नाही.

आणि खाज असली तरी कित्येकदा कॅन्डिडा तिथे नसतेच. दुकानातून स्वतःच औषध घेणाऱ्या बायकांची अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा फक्त एकतृतीयांश जणींना निव्वळ कॅन्डिडाचा संसर्ग निघाला. २००२ मधलं हे संशोधन आहे. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणी भलत्याच आजारावर हेच औषध वापरत होत्या. आपल्याकडे तर मैत्रिणीनं सांगितलेली, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब चालते. तिनं दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशीचं फावतं.

तेव्हा बायांनो, त्रास परत आला तर ट्यूब मागवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, स्राव तपासून घ्या, कुठली बुरशी आहे ते विचारा. रक्तातली साखर बघा. कधीकधी मधुमेहाची पहिली खूण हीच खाज असते. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर फ्लुकोनाझोलची गोळी मनानं घेऊ नका, आधी डॉक्टरांना सांगा. आणि मुलगी वयात आली की पाळीबरोबर हेही तिच्या कानावर घाला.