एका वचनाच्या आगेमागे

बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत. रोज तीन-चार अध्याय वाचले की वर्षात सगळं वाचून होतं, असं सरळ गणित आहे. म्हणून दर जानेवारीत आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर ‘एका वर्षात बायबल’चा तक्ता येतो. कुणी तो फ्रिजवर चिकटवतं, कुणी अ‍ॅपमध्ये प्लॅन सुरू करतं. उत्पत्ती आणि निर्गम भराभर वाचून होतात, कारण त्यांत गोष्टी आहेत. मग जानेवारीच्या शेवटी लेवीय येतं. कोणता बळी कसा अर्पण करायचा, अंगावर चट्टा उठला तर याजकाने काय तपासायचं, घराच्या भिंतीवर डाग पसरले तर काय करायचं. ग्रुपवरचे अंगठे कमी होत जातात आणि फेब्रुवारीत तक्त्याचा विषय कुणी काढत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माणसाला रोज अ‍ॅप उघडायला कसं लावतात, ते मला आतून माहीत आहे. सलग दिवसांचा आकडा दाखवायचा, त्याच्या शेजारी छोटीशी ज्योत ठेवायची आणि रात्री नऊला आठवण करायची की ही ज्योत आज विझेल. बायबलच्या अ‍ॅपमध्येही स्ट्रीक असते. त्यात वाईट काही नाही. पण आकडा जपणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हे ओळखणारा माणूस स्मार्टफोनच्या कितीतरी आधी होऊन गेला. स्कॉटलंडमधल्या डंडी शहराचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी रोजच्या वाचनाचा तक्ता बनवला. रोज चार अध्याय. वर्षभरात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. जगभर तो अजून वापरला जातो. तक्त्यासोबत त्यांनी त्याचे धोकेही लिहून दिले होते. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचा गर्व चढेल, घाईत अर्थ निसटेल आणि काहींना हे ओझंच वाटेल. तेव्हा ते २९ वर्षांचे होते, जवळजवळ माझ्याच वयाचे. पुढच्याच वर्षी ते वारले.

आमच्या घरात बायबल होतंच, पण ते मुख्यतः वचनांच्या रूपात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर वचन, वाढदिवसाच्या कार्डावर वचन, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर टोपलीतून उचललेल्या चिठ्ठीवर वर्षभराचं वचन. त्यातलं सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे यिर्मया २९:११. देवाच्या मनात तुमच्याविषयी चांगलेच संकल्प आहेत, त्याला तुम्हाला भविष्य आणि आशा द्यायची आहे, असा त्याचा आशय. दहावीचा निकाल, कॅम्पस इंटरव्ह्यू, लग्न, नवं घर, सगळीकडे ते चालतं. मग, लिहायला वही पुढ्यात घेतली की पेन कानामागे खोचणाऱ्या आमच्या पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला आणि दोन दिवसांत मला हेच वचन तेवीस जणांनी पाठवलं. गुलाबांवर, सूर्योदयावर, धबधब्यावर.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवा हात-पाय आणि वाचा गेली. डॉक्टरांनी ‘अफेझिया’ असा शब्द वापरला. म्हणजे समोरच्याचं बरचंसं कळतं, काय म्हणायचं तेही मनात असतं, पण शब्द हाताला लागत नाही. पप्पा नगरला चौतीस वर्षं शिक्षक होते. रोज संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत शास्त्र तेच वाचायचे, वर्गात वाचावं तसं ठणठणीत आवाजात. आता पाणी हवं असलं तरी ते ‘खिडकी’ म्हणायचे, आणि चुकीचा शब्द आला हे त्यांना कळायचं. ते कळणं बघवत नसे.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी विचारलं, “यांना पाठ काय काय आहे?” अशा रुग्णांना स्वतःचं नवं वाक्य जमत नाही, तरी आकडे, गाणी, प्रार्थना अशा तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा येतात, असं त्या म्हणाल्या. मम्मीने तेविसावं स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्या ओळीला पप्पा तिच्यात सामील झाले आणि शेवटपर्यंत गेले. संपल्यावर मी विचारलं, “पप्पा, चहा घेणार?” उत्तर आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, रोज ठरावीक वेळी, ओळखीच्या भाषेत, सावकाश मोठ्याने वाचून दाखवा. मी पुण्यात, ते नगरला. रात्री साडेआठचा व्हिडिओ कॉल ठरला. एका रात्री एकच अध्याय, उत्पत्तीपासून क्रमाने. एरवी फोनवर मी बायबल इंग्रजीतच उघडते. पण पप्पांची आठवण मराठीत साठलेली, म्हणून मराठी. नगरहून पुण्याला येताना दौंडनंतर केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून सगळ्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, अगदी १९२२ साली निधन होईपर्यंत. साध्या बाईलाही स्वतः वाचून कळावं, हा त्यांचा ध्यास होता. मोठ्याने वाचायला लागल्यावर मला तो ध्यास कळला. अवघड शब्द डोळा ओलांडून जातो, जीभ मात्र अडते.

स्ट्रीक आम्ही ठेवली नाही. कधी माझी ऑन-कॉल ड्यूटी, कधी नगरची वीज, कधी पप्पांना झोप. सुटलेला अध्याय दुसऱ्या दिवशी वाचायचा, दोन एकदम वाचायचे नाहीत. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या इस्राएलांना मान्ना मिळतो, तो ज्याने त्याने त्या दिवसापुरताच गोळा करायचा. सकाळपर्यंत साठवून ठेवला तर त्यात किडे पडतात. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. रोजच्या वाचनाबद्दल मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही.

आणि क्रमाने वाचल्यामुळे, सगळे सोडून देतात ते अध्यायही आमच्या वाट्याला आले. गणनाचा सातवा अध्याय घ्या. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस अर्पणं आणतात, आणि प्रत्येकाचं अर्पण तेच: चांदीचं ताट, चांदीचा कटोरा, सोन्याचं धूपपात्र, तेच बैल, तेच मेंढे. मजकूर जवळजवळ शब्दशः बारा वेळा येतो. कुठल्याही एडिटरने उडवला असता. पण पाचव्या सरदाराला पप्पांच्या तोंडून ‘ताट’ आलं, आठव्याला ‘सोन्याचं’, बाराव्याला ते माझ्या पुढे होते. ते पाठ केलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते नवंच होतं. नावांच्या याद्यांत तर आमची बरोबरी व्हायची. सुरीशद्दै, पदाहसूर. मी अडखळायचे, ते अडखळायचे. झटक्यानंतर पप्पा पहिल्यांदा खळखळून हसले ते माझ्या अशाच एका उच्चारावर.

त्याच पुस्तकात सलाफहादच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप वारला, भाऊ नाही. त्या मोशेपुढे उभ्या राहून विचारतात, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वाटा द्या. आणि देव म्हणतो, मुली बरोबर बोलतात. आम्हीही दोघी बहिणीच. दवाखान्यात भेटायला आलेले मम्मीला म्हणत होते, “एखादा मुलगा असता तर आधार झाला असता.” इतकी वर्षं चर्चला गेले, या अध्यायावर प्रवचन मी ऐकलेलं नाही. वाचून झाल्यावर पप्पांनी डावा हात स्क्रीनला लावला. मी ताईला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला.

स्तोत्रांचे १५० अध्याय म्हणजे पाच महिने. त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं अंधारातच संपतं. इतर विलापांसारखं ते शेवटी उजेडाकडे वळत नाही. त्या रात्री प्रार्थनेत काय बोलावं, मला सुचेना. पप्पा म्हणाले, “हो.” एवढंच. कुणीतरी त्यांचं म्हणणं बरोबर मांडल्यासारखं.

आणि ७७४व्या अध्यायाला, सव्वादोन वर्षांनी, यिर्मया २९ आला.

आदल्या रात्री अठ्ठाविसावा वाचला होता. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की बाबेलचं जू मोडलंच समजा, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचं असतं. यिर्मया त्याला खोटा ठरवतो. मग एकोणतिसावा अध्याय म्हणजे बाबेलात नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून यिर्मयाने पाठवलेलं पत्र. तो लिहितो, तिथे घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा. मुलाबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला धरून नेलंय त्या शहराचं भलं चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा. कारण सत्तर वर्षं जायची आहेत. सत्तर. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण परतीचा दिवस बघणार नव्हते. आणि याच्या लगेच पुढे येतं ते अकरावं वचन.

छापील बायबलात वचनांना असे क्रमांक रूढ झाले ते सोळाव्या शतकात. शोधायला फार सोयीचे, आणि कापून घ्यायलाही. यिर्मयाने २९:११ लिहिलं नव्हतं, त्याने पत्र लिहिलं होतं. लवकर सुटका होईल असं सांगणाऱ्यांच्या विरुद्ध लिहिलं होतं. आम्हाला मात्र ते वचन, सूर्योदयावर का होईना, नेमकं हनन्याच्या अर्थाने मिळत होतं: दोन महिन्यांत बरे होतील बघा.

मला वाटलं होतं की संदर्भ कळल्यावर वचन हातातून जाईल. तसं झालं नाही. ज्या आशेला सत्तर वर्षांचा आकडा सांगायची भीती वाटत नाही, तिच्यावर मला जास्त भरवसा ठेवता येतो. पप्पा आता छोटी वाक्यं बोलतात. उजव्या हातात पेन धरता येत नाही. पूर्वीसारखे ते बोलणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

त्या रात्री अध्याय संपल्यावर मम्मी थोडा वेळ गप्प होती. आमच्या घरात सव्वादोन वर्षं सगळं तात्पुरतं होतं. पलंग हॉलमध्ये आडवा, न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची, पायरीवर ठेवलेली फळी. बरे झाले की काढायचंच होतं ना. मग ती म्हणाली, “न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसवून घेऊ या. आणि पायरी काढून उतार करू.” पप्पा म्हणाले, “घर. बांधा.”

शनिवारी मिस्त्री येऊन दांडी बसवून गेला. अजून ४१५ अध्याय उरले आहेत. यिर्मया संपलं की विलापगीत, पाचच अध्यायांचं. आणि आज रात्री साडेआठला तिसावा.