चौथा रविवार

२०२३ चा आगमनकाळ आठवला की मला अजूनही राग येतो. त्या वर्षी २४ डिसेंबर रविवारी आला. सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि रात्री नाताळ. आगमनकाळ याहून लहान होऊच शकत नाही, २२ दिवस.

आम्हा वसईच्या कॅथलिकांना बाकीचं सांगावं लागत नाही. जांभळी वस्त्रं, मिस्सामध्ये ग्लोरिया नाही, दर रविवारी एक मेणबत्ती, तिसरी गुलाबी, पापनिवेदनाच्या रांगा, लग्नं नाताळानंतर.

पण त्या वर्षी आठवडाभर एकच चर्चा, दोन-दोन मिस्सा कशाला? रात्री जायचंच आहे की! रविवारची मिस्सा वेगळी, नाताळची वेगळी, एकीत दुसरी भागत नाही, हे फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी सजावट करणाऱ्यांनी शनिवारीच जांभळं उतरवलं. रविवारी धावपळ नको म्हणून पांढरे पडदे, फुलं, तारे, दिव्यांच्या माळा सगळं लावून टाकलं. गोठाही मांडून तयार, फक्त बाळ ठेवायचं बाकी. मी म्हटलं, अहो, उद्या सकाळची मिस्सा अजून आगमनकाळाची आहे. उत्तर आलं, "काही तासांचा तर प्रश्न आहे, बाई."

रविवारी सकाळी त्या झगमगाटात फादर जांभळ्या झग्यात उभे होते. निम्म्याहून जास्त बाकं रिकामी. चौथी मेणबत्ती पेटली ती दिव्यांच्या माळांमध्ये दिसेनाही. पहिलं वाचन दावीद राजाचं होतं. त्याला देवासाठी घर बांधायचं असतं आणि देव नाथान संदेष्ट्याकरवी विचारतो, तू माझ्यासाठी घर बांधणार? शुभवर्तमान गब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपाचं. तिच्यापुढे नऊ महिने होते. आम्हाला एक सकाळ थांबवलं नाही.

आईच्या लहानपणी, व्हॅटिकन परिषदेच्या आधी, २४ डिसेंबरला उपवास असायचा. घरात तळणाचा वास सुटलेला आणि करंजीला हात लावायचा नाही. ती हे कौतुकाने सांगायची, तक्रार म्हणून कधीच नाही. उपवास परत आणा असं मी म्हणत नाही. पण वाट पाहायची तर काहीतरी बाजूला ठेवावंच लागतं. घरात मुलं असतील तर निदान गोठ्यातलं बाळ २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात राहू द्या.

माझी वहिनीही सकाळी आली नव्हती. ती आठवडाभर पहाटेची विरार लोकल पकडते, घरचं सगळं रविवारवर येतं. तिला मी काही बोलले नाही, आणि बोलायला हवं होतं असंही मला वाटत नाही. सजावटवाल्या बायकाही नोकरी सांभाळून राबल्या होत्या. मग हा राग नेमका कुणावर, ते मला नीट सांगता येत नाही. रात्री घंटा वाजल्या, ग्लोरिया सुरू झाला, तेव्हा मीही सगळ्यांसारखीच रडले. सकाळचं काहीसुद्धा मनात उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते परत आलं, आणि तसंच राहिलं.

२०२८ मध्ये २४ डिसेंबर पुन्हा रविवारी येतोय. चौथ्या रविवारची सकाळची मिस्सा संपेपर्यंत वेदीवरचं जांभळं उतरवायचं नाही, हे मी पॅरिश कौन्सिलला आत्ताच लिहून दिलं आहे. दुपारी पडदे बदलायला माणसं कमी पडली तर आमच्या घरातून येतील. वहिनीने स्वतःहून नाव दिलंय.